म्हाताऱ्याच्या पोटातली चित्रं

पोसोर्हा या आमच्या मासेमारीच्या बंदरगावातल्या खाऱ्या हवेत कागद टिकत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर मार्चपर्यंत मऊ पडतं आणि जूनमध्ये त्याला बुरशी येते. तरी आमच्या शेजारच्या मेल्वा तोमालाकडे तिच्या दोन्ही मुलांचं एकूण एक चित्र शाबूत होतं, अगदी थोरल्या एबेलिनच्या पहिल्या गिरगोट्यांपासून.

मेल्वा सकाळी धक्क्यावर टूना माशाचं कढण विकते. दुपारी पातेली घासून, हात खळखळून धुऊन, नीट कोरडे करून मगच ती चित्रांना हात लावते. दोन चित्रांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालायचा, जाळ्याच्या सुतळीने गठ्ठा बांधायचा, तांदळाच्या रिकाम्या पोत्यात भरून आढ्याला टांगायचा, म्हणजे उंदीर पोचत नाहीत. चित्राच्या मागे पेन्सिलीने, काढताना मूल काय म्हणालं ते लिहायचं. धाकट्या रोनालने शाळेत मॅकरोनी चिकटवून सिंह केला होता. त्याला मुंग्या लागल्या, तेव्हापासून तो फ्रिजमध्ये असतो. बर्फ मागायला गेलं की आधी सिंह बाजूला करावा लागतो.

मी बंदरातल्या शीतगृहात यंत्रं दुरुस्त करते. एकदा मी, इथे बाईला मानाने लावतात ते 'दोन्या' लावून, उत्साहाने म्हटलं, "दोन्या मेल्वा, सगळ्या चित्रांचे फोटो काढून मोबाईलमध्ये टाकून देते. पोत्याची कटकटच नको."

"फोटोवरून बोट फिरवलं तर बोटाला खडू लागतो का गं?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

तिचा नवरा वॉशिंग्टन टूनाच्या बोटीवर होता. महिनोन् महिने समुद्रात. "बाबा आला की दाखवू," असं मेल्वा म्हणायची आणि मुलं हुरूपाने काढत राहायची. बाबा यायचा, दोन दिवस झोपायचा, छप्पर दुरुस्त करायचा, "पुढच्या खेपेला निवांत बघतो" म्हणून निघून जायचा. पोतं फुगत गेलं. मग बोटीवर त्याची पाठ धरली आणि तो कायमचा किनाऱ्यावर आला, जाळी विणायला बसला. आता बघायला काय हरकत होती? "घाई काय आहे? मी इथेच तर आहे," तो म्हणायचा. मेल्वा वाद घालायची नाही. ऊन पडलं की पोतं खाली काढायची, तापवायची, पुन्हा टांगायची.

एकतीस डिसेंबरला असंच, गठ्ठ्यांच्या सुतळ्या सोडून ऊन दिलेलं पोतं दाराशी होतं. शेजारी रद्दीचंही पोतं होतं, कारण सरत्या वर्षाचा म्हातारा, म्हणजे मध्यरात्री जाळायचा बाहुला, भरायचा होता. इतकी वर्षं गल्लीचा म्हातारा दुसरेच करत. "यंदा मी करणार," असं वॉशिंग्टनने आधीच सांगून ठेवलं होतं. जुनी पँट, जुना शर्ट, डोक्यात फटाके. पोतं उघडलं, वर वर्तमानपत्रं दिसली, मूठमूठ काढून, न बघताच चुरगाळून त्याने पोट भरलं. शिवून दिलं ते मेल्वानेच, हातातलं केळं तळायचं सोडून, घाईघाईत.

दुपारी ती रोनालचं नाताळचं चित्र ठेवायला गेली. उरलेल्या पोत्यात नुसती रद्दी.

"वॉशिंग्टन, कुठलं पोतं नेलंस?"

"दारातलं. का गं?"

तिने हातातलं चित्र त्याच्यापुढे धरलं.

म्हातारा कोपऱ्यावर खुर्चीत बसवला होता. बाजूला रोनालचा धर्मपिता, म्हणून मेल्वाचा कोंपाद्रे, तेओफिलो प्रथेप्रमाणे काळा झगा घालून म्हाताऱ्याच्या विधवेचं सोंग करत होता. येणाऱ्याजाणाऱ्यापुढे छाती पिटून नाणी मागत होता. मेल्वा कात्री घेऊन धावत आलेली पाहून त्याने गळाच काढला.

"अगं कोमाद्रे! माझ्या धन्याचं पोट फाडतेस? अजून मेला नाही गं तो!"

"बाजूला व्हा, कोंपाद्रे. तुमच्या धन्याने माझी पोरं गिळलीत."

गल्ली हसली. मेल्वा हसत नाहीये हे दिसलं तसं हसू थांबलं. तेओफिलोने झगा वर खोचला आणि फटाक्यांचं डोकं अलगद उतरवून लांब ठेवलं. मेल्वाने स्वतःचेच टाके कापले. कागदांचे बोळे रस्त्यावर पडू लागले.

पहिला बोळा वॉशिंग्टनने उचलला. मांडीवर ठेवून तळव्याने हळूहळू उलगडला. निळं काहीतरी, त्याला पिवळे पाय.

"हे काय रे, रोनाल?"

रोनालने मान वाकडी करून पाहिलं. "मला काय माहीत? मी लहान होतो तेव्हा."

वॉशिंग्टनने कागद उलटला. मागे मेल्वाचं अक्षर होतं. 'बाबाची बोट. पाय लावलेत म्हणजे चालत घरी येईल.'

त्याने दुसरा बोळा घेतला, मग तिसरा. दुखऱ्या पाठीचा माणूस डांबरावर मांडी घालून बसला आणि काही केल्या उठेना. एबेलिनने घरातून इस्त्री आणि चादर आणली, मी आमच्या ओट्यावर वायर ओढून दिली. कापडाखाली घालून, कोमट इस्त्रीने एकेक कागद सपाट होऊ लागला. काही फाटले होते, मेणखडूचे काही फिस्कटले. बहुतेक वाचले.

ऊन कलायला लागलं तसा तेओफिलो कुरकुरला, "माझा नवरा पार वाळला की! रात्री जाळायचा काय, नुसता शर्ट?"

रद्दी भरली तरी पोट खपाटीलाच. तेव्हा एबेलिनने आपल्या चित्रांतून एक मूठ काढली. "ही घाला. सगळे तेच तेच फुगे आहेत. आणि हा हत्ती, मला कधीच आवडला नाही."

मेल्वाने आजवर एक कपटा टाकला नव्हता. तिने मुठीकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"नक्की?"

"माझीच आहेत ना, आई?"

मेल्वाने पोटाची फाटकी कड धरून ठेवली. "घाल मग."

"थांबा!" वॉशिंग्टन खालूनच ओरडला. "हत्ती मी अजून पाहिला नाहीये."

"पाहा लवकर," तेओफिलो म्हणाला, "मला रात्रीच्या आत पुन्हा विधवा व्हायचंय."

वॉशिंग्टनने हात पुढे केला. एबेलिन त्याच्याजवळ खाली बसली आणि एकेक फुगा त्याला दाखवू लागली.