औषध फुकट, बाटली घरची

कोपरा फाडलेलं कार्ड आलं तेव्हा मी वर्तमानपत्राच्या कचेरीत कापसाच्या भावांची प्रुफं तपासत होतो. शंकरमामा गेले, एवढाच मजकूर. चिखली तालुक्यातल्या एका गावी, लोकल बोर्डाच्या दवाखान्यात ते जन्मभर कंपाउंडर होते.

औषध फुकट, बाटली मात्र रोग्यानं आणायची, असा सरकारी नियम. बाजाराच्या दिवशी कोणीतरी हटकून विचारी, "कंपाउंडरसाहेब, दवा फुकट अन् शिशी इकत, हे कोणतं राज्य?" मान वर न करता मामा म्हणत, "राज्याले विचार बे. मी बूच लावतो."

हिवतापाच्या एका हंगामात उंद्री गावाहून एक बाई चालत आली. मूल घरी तापानं फणफणलेलं, हातात बाटली नाही. मामांनी नियम सांगितला. ती परत गेली. पुढच्या बाजारी ती बाटली घेऊन आली, टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "आता राहू द्या. दुसऱ्या कोणाच्या लेकराले होईन."

हे मामांनी मला फार वर्षांनी सांगितलं. "परत गेला त्याचं नाव लिहायले वहीत रकानाच नाही. वहीत माणसं कमी, म्हणून जिल्ह्याहून हिवतापाचं कोयनेल कमी. अन् कोयनेल कमी, म्हणून..."

त्या बाजारानंतर ते तेलवाले, अत्तरवाले यांच्याकडून रिकाम्या बाटल्या मागून आणू लागले. राखेनं धूत, उलट्या वाळवत, औषधाच्या एकेका खुराकाच्या खाचा पाडलेली कागदी पट्टी डकवून ठेवत. वहीतले रोगी वाढले. तपासणीला आलेल्या साहेबांना आकडा फुगवल्याचा संशय आला.

"गाव एकदम आजारी कसं पडलं?"

"पहिलेही आजारीच होतं साहेब. आता वहीत आलं."

साहेबांनी काय शेरा मारला, ठाऊक नाही. पुढच्या साली कोयनेल जास्त आलं, एवढं खरं. नियम तोच राहिला.

तेराव्याला गेलो तेव्हा मामांच्या घरी फळीवर एकच बाटली उरली होती. बाकीच्या लोक घेऊन गेले होते. हिला पट्टी नव्हती. मामी म्हणाल्या, "उंद्रीच्या बाईची. कोणाले देल्ली नाही त्यायनं. हर बाजारी धुवत मात्र."

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. "मामी, शिशी हाय काय? पोरीले ताप हाय."

मामींनी बाटली उतरवली, धुतली आणि त्याच्या हातात दिली.

फळीवर बाटलीच्या बुडाचा गोल डाग आहे. मामी तो पुसत नाहीत.