नोटीस बोर्डावरचा तिसरा उपदेशक

आमच्या चर्चच्या मंडळीत एक नियम आहे. ज्याची शिकवण आपल्याला पटत नाही, त्या उपदेशकाकडून काहीही शिकायचं नाही. ‘का?’ असं विचारायचं नाही. लहानपणी मी विचारलं होतं. उत्तर मिळालं, "कारण विचारायचं नसतं!"

जबलपुरात मराठीत उपासना करणारी आमची चाळीसेक घरं. एवढ्याशा मंडळीत या एका नियमाचेच इतके किस्से साचलेत, की बाकीच्या नियमांना हात लावायला वेळच मिळत नाही.

*

साळवे काका आमच्या चर्चचे सीनियर वडील, म्हणजे कारभार बघणारे एल्डर; फॅक्टरीतून रिटायर झालेले. नियम मोडू नये म्हणून त्यांनी नोटीस बोर्डावर यादी लावली: ‘यांना ऐकू नये.’ चुकूनही कोणी ऐकू नये म्हणून प्रत्येक नावापुढे यूट्यूब चॅनेल आणि रोजची वेळ!

तोवर यातलं एकही नाव कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी चेरीताल मोहल्ल्यातल्या मावशी चपला घालता घालता म्हणाल्या, "पहिले दोघं बेकार आहेत हो. पण तिसरा अच्छा बोलतो!"

*

हा तिसरा पांढऱ्या सुटात, दोन्ही हात वर करून गर्जत असतो. म्हणतो, दुखरा भाग स्क्रीनला लावा, बरा होईल.

एकदा कॉलेजातून घरी आले, तर आई एका पायावर उभी. एक हात कपाटाला, दुसरा पाय टीव्हीला.

"आई, हे काय करून राहिली?"

"गुडघा दुखतो, तर काय डोकं लावू?"

दुसऱ्या दिवशी मी तिला नेपियर टाउनच्या डॉक्टरांकडे नेलं. वेटिंग रूममध्ये आमच्या मंडळीतल्या तिघी बसल्या होत्या. तिघींचेही गुडघे!

*

मग चर्चच्या कमिटीने ठरवलं, तिसऱ्याच्या चुका लिहून काढायच्या. पण त्यासाठी कोणीतरी त्याला ऐकायला हवं. साळवे काकांनी हा त्याग केला. महिनाभर रोज, कानात हेडफोन घालून.

महिन्यानंतर उपासनेत प्रार्थना त्यांच्याकडे होती. एरवी ते आयुष्यभर पुटपुटत आलेले. त्या दिवशी दोन्ही हात वर करून अशी डरकाळी फोडली, की पेटी वाजवणाऱ्या ताईंचा सूर सुटला.

चुकांचा कागद अजून आलेला नाही. काका म्हणतात, "अभ्यास चालू आहे."

*

जबलपुरातल्याच गोरखपूर मोहल्ल्यातल्या मैदानात तिसऱ्याची सभा होती. मी वही घेऊन उघडपणे गेले. पानावर दोन रकाने आखले: ‘चूक’ आणि ‘घेण्यासारखं’.

औषध घेणं म्हणजे अविश्वास: चूक! बाईने उपदेश करू नये: महाचूक! पहिला रकाना भरून मागच्या पानावर गेला.

मग त्याने मधेच बोलणं थांबवलं. म्हणाला, "मेरी बात ग़लत लगे तो घर जाकर बाइबिल खोलो, मुझे पकड़ो." आमच्याकडे असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. दुसऱ्या रकान्यात एक ओळ लिहिली.

*

संडे स्कूलचा एक वर्ग मी पाच वर्षांपासून शिकवते. आठवड्यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. तिथे मी मुलांना सांगितलं, "माझी चूक पकडा. पकडली तर टॉफी."

दोन रविवार छान गेले. तिसऱ्या रविवारी पास्टर भर उपदेशात म्हणाले, "योना माशाच्या पोटात चाळीस दिवस होता..." आणि पहिल्या बाकावरची सात वर्षांची रिंकी उभी राहिली.

"पास्टर अंकल, तीन दिवस! टॉफी?"

*

त्याच संध्याकाळी कमिटीने मला बोलावलं. पास्टर, साळवे काका आणि दोन वडील. टेबलावर टाइप केलेला कागद: ‘ज्या माणसाशी मी असहमत आहे, त्याच्याकडून मी काहीही शिकणार नाही.’

"सही कर बेटा," साळवे काका म्हणाले. "नाहीतर वर्ग सोड."

"काका, बायबलात तीनच दिवस आहेत. रिंकी बरोबर होती की नाही?"

"सवाल तो नाही! तू त्या माणसाकडून शिकून आली, सवाल हा आहे."

मी कागद दोनदा वाचला. पेन टोपण लावून परत दिलं.

"सही करणार नाही. वर्गही सोडणार नाही."

"काहून?"

"मी तुम्हा चौघांशी असहमत आहे, काका. मग हा नियम तुमच्याकडून कसा शिकू?"

काकांनी पास्टरांकडे बघितलं. पास्टरांनी कागदाकडे. मी उठून पुढच्या रविवारच्या टॉफ्या आणायला निघाले.