सदर इसम

नवनाथला तू कितपत ओळखत होतास, असं कुणी विचारलं असतं तर भिमाजीला मान खाली घालावी लागली असती. अंबडच्या कारखान्यांच्या रस्त्यावर दोघं आठ वर्षं शेजारी. एकाची चहाची टपरी, दुसऱ्याची भाजीची पाटी. पण नवनाथचं गाव कोणतं, घरी कोण कोण, हे भिमाजीने कधी विचारलं नाही. दिशा नावाची मुलगी नर्सिंग शिकते, एवढंच एकदा कानावर आलेलं.

पोलीस ठाण्यात दिवसातून चार वेळा चहा नवनाथच न्यायचा. तिथली भाषा त्याच्या जिभेवर बसली होती. कुणाला पकडलं की ‘उचलला’ म्हणायचा, माणसाला ‘इसम’ म्हणायचा. गिऱ्हाइकं ‘साहेब, एक कटिंग’ म्हणून त्याला चिडवायची. पोलीस नसून पोलिसांचं काम करणाऱ्याला तिकडे ‘झिरो’ म्हणतात, हेही त्यानेच भिमाजीला सांगितलेलं. सांगताना मात्र तो हसला नव्हता. भिमाजी काय ते समजला.

मार्चमध्ये शेखर नावाचा तडीपार गुंड, जिल्ह्यात पाय ठेवायची बंदी असताना, लपून आला आणि पकडला गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे तीन साथीदार टपरीवर बसले होते. आपला माणूस कुणी दिला, यावर कुजबुज चाललेली. चहा गाळता गाळता नवनाथ सवयीने बोलून गेला, “सदर इसम घोटीला मिळून आला ना?”

दोघं हसले. तिसरा, राज, हसला नाही.

“घोटीला? आम्हालाच आत्ता कळलं. तुला कोण बोललं?”

“पेपरात होतं.”

“कोणत्या?”

नवनाथने गाळणी आपटून चोथा टाकला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्यानंतर राज रोज येऊ लागला. चहा घ्यायचा नाही. समोरच्या लिंबाखाली गाडीवर नुसता बसून राहायचा. पाचव्या दिवशी तो भिमाजीच्या पाटीशी आला. कोथिंबिरीची जुडी उलटसुलट करत त्याने विचारलं, “बाबा, हा टपरी कधी आवरतो?”

“सात वाजता,” भिमाजी म्हणाला. राज जुडी न घेताच निघून गेला.

नवनाथला सांगावं म्हणून भिमाजी दुपारभरात तीनदा उठला, तीनदा खाली बसला. आपल्याला भलतंच वाटत असेल. आणि झिरोचं नाव आपणच काढायचं तरी कसं?

त्या संध्याकाळनंतर टपरी उघडली नाही. ठाण्याबाहेरच्या फळ्यावर आता नवनाथचा फोटो आहे. खाली लिहिलंय, सदर इसम अद्याप मिळून आलेला नाही.

त्या दिवशी साडेपाचला, पाटी डोक्यावर घेऊन, भिमाजी टपरीपुढे क्षणभर थांबला होता. नवनाथने स्टोव्हवरून मान वर केली.

“काय बाबा?”

“काही नाही. निघतो.”

“उद्या गवती चहा जरा जास्त आणा. लवकर संपतो.”

“आणतो.”