काचेतल्या देवीला गाऱ्हाणं

आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे इंग्लंडमध्ये स्लाऊला आली होती. त्यातले पाच महिने तिने एकच गोष्ट मागितली: मी जायच्या आधी धाकट्याशी एकदा फोनवर बोल. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिच्या विमानाला नऊ दिवस उरले तेव्हा मी तिला बाथ शहराची सहल देऊ केली. खाजगी गाइडसकट. मागितलेली वस्तू द्यायची नसली की माणूस न मागितलेली वस्तू चांगल्या वेष्टनात बांधून देतो. मीही तेच केलं, आणि त्या वेळी मला ते फार छान सुचलंय असं वाटलं होतं.

धाकट्या भावाशी मी चार वर्षं बोलत नव्हतो. वडील राजापूरच्या घरी मे महिन्यात गेले. मी निरोप मिळाल्यावर दोन तासांत घराबाहेर पडलो. हीथ्रो, मुंबई, तिथून गाडीने साडेदहा तास. दारात पोचलो तेव्हा सगळे आंघोळी करून ओसरीवर बसले होते. थोरला मी, आणि अग्नी धाकट्याने देऊन टाकला होता. माझ्या हिशेबाने तीन तास चाळीस मिनिटं थांबले असते तरी पुरलं असतं. मी त्याला अंगणातच विचारलं, का थांबला नाहीस? तो म्हणाला, "नाही थांबता आलं, दादा." पुढे एक शब्द नाही. तेराव्याला मी निघालो तो त्याच्याशी न बोलता, आणि तीन तास चाळीस मिनिटं हा आकडा मी इंग्लंडला बरोबर घेऊन आलो.

बाथ निवडायला कारण होतं. आईचं माहेर राजापूरजवळ. तिथे उन्हाळे नावाच्या गावात गरम पाण्याचं कुंड आहे आणि तिथेच लक्ष्मीचं देऊळ. लहानपणी ती त्या पाण्यात आंघोळी करायची. मी तिला सांगितलं की बाथलाही गरम पाण्याचा झरा आहे आणि दोन हजार वर्षांपूर्वी तिथेही देवी होती. तिने विचारलं, "अजून आहे?" मी म्हटलं, म्युझियममध्ये आहे.

गाइड मी इंटरनेटवरून ठरवला. खाजगी, कारण आईचे गुडघे, आणि चाळीस अनोळखी माणसांमागून गाइडने उंच धरलेल्या छत्रीकडे बघत चालणं मला पटत नाही. मी त्याला आधी एका पानाचं वेळापत्रक पाठवलं: कुठे किती मिनिटं, बसायला बाक कुठे, संडास कुठे. त्याचं उत्तर आलं की शहराची मजा वाहत जाण्यात असते. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

स्टेशनबाहेर तो उभा होता. साठीचा, गवती टोपी, काखेत प्लास्टिकच्या पाकिटांतल्या चित्रांची जाड फाइल. हात मिळवायच्या आधीच त्याने कल्पना करायला सांगितलं. कल्पना करा, तुम्ही रोमन सैनिक आहात. मी स्टॉक प्लॅनिंगमध्ये काम करतो आणि आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती. दुपारच्या जेवणापर्यंत त्याने आम्हांला एकतीस वेळा कल्पना करायला लावली. मी वेळापत्रकाच्या मागच्या बाजूला रेघा मारत होतो. जे समोर दिसत होतं त्याची माहिती विचारली की त्याचा उत्साह मावळायचा. हा दगड कुठल्या खाणीतला? जवळच्या. पाणी किती अंश? पंचेचाळीस, सेहेचाळीस, असंच काहीतरी. असंच काहीतरी हे उत्तर माझ्या ऑफिसात दिलं तर दुसऱ्या दिवशी लॉऱ्या रिकाम्या उभ्या राहतात.

भाषांतराचं काम माझ्याकडे होतं. एका चौकात तो चार मिनिटं बोलला, हातवारे केले, आवाज खाली नेला, वर आणला. मी आईला सांगितलं, "जुनं आहे."

"एवढंच?"

"बाकी कल्पना आहे."

"अरे, बिचारा घामाघूम झाला. मला नीट सांग तरी."

तिला गाइडची दया येत होती. मला येत नव्हती.

मग तो आम्हांला त्या प्रसिद्ध अर्धगोल घरांच्या रांगेसमोर घेऊन गेला. तीस घरं, एकाला एक चिकटून, समोरून सगळी हुबेहूब सारखी, मधे उंच खांब. तो म्हणाला, मागच्या बाजूने मात्र प्रत्येक मालकाने आपापल्या मर्जीने बांधलंय, त्यामुळे मागून एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. हे त्याने अभिमानाने सांगितलं. म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्यासाठी एक तोंड, आणि मागे कपडे वाळत घालायला दुसरं. आईने सगळं नीट पाहून घेतलं.

"ही चाळच की."

गाइडने विचारलं, मॅडम काय म्हणाल्या? मी म्हटलं, फार आवडलं. खांब किती, असं विचारल्यावर तो म्हणाला, शंभराच्या वर. मी मोजले. डावीकडून मोजले तर एकशे बारा, उजवीकडून एकशे चौदा. तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा आई म्हणाली, "पुरे आता. ते काही तुझे नाहीत."

प्रत्येक तिसऱ्या दारावर अमुक माणूस इथे राहून गेला अशी पाटी होती, आणि गाइड प्रत्येक पाटीसमोर थांबत होता. आईने एकदा विचारलं, "आता कोण राहतं?" त्याला माहीत नव्हतं. मेलेल्यांचे सगळे पत्ते त्याच्याकडे होते.

जेवण म्हणजे एक जाड पाव. जुन्या घराच्या तळघरात बसून खायचा, आणि तो किती शतकं जुन्या पद्धतीने भाजलाय याची कल्पना करायची. आईने बॅगेतली घडीची पोळी आणि बटाट्याची भाजी काढली आणि तीच खाल्ली. तिची बॅग सकाळपासून मला जड वाटत होती. मी दोनदा मागितली, तिने दिली नाही.

दुपारी आम्ही रोमन स्नानगृहात गेलो. वरच्या गच्चीवर दगडी पुतळे, खाली खांबांच्या मधे हिरवं, शेवाळलेलं पाणी, त्यातून थोडी वाफ. गाइडने हात पसरले आणि दोन हजार वर्षं म्हणाला. मी कोपऱ्यातला फलक वाचला. पुतळे आणि गच्ची एकोणिसाव्या शतकातली; खांबांचे फक्त पायथे रोमन. मी त्याला ते दाखवलं. तो म्हणाला, हो, पण भावना तीच ना. मी रेघ मारणार होतो, पण यात कल्पना हा शब्द नव्हता, म्हणून सोडून दिली.

आईला पाण्याला हात लावायचा होता. पाटीवर लिहिलं होतं की पाण्याला हात लावू नये. गाइडने सांगितलं, हे पाणी शुद्ध केलेलं नाही, नंतर वरच्या दालनात प्यायला चांगलं मिळेल. मी ते तिला सांगितलं. देवीचं पाणी शुद्ध करतात म्हणजे काय, ते मला तिला नीट समजावता आलं नाही.

आत अंधाऱ्या खोल्यांमध्ये काचेची कपाटं होती. एकात शिशाचे पातळ पत्रे, त्यांवर बारीक ओरखडे. गाइडला इथे खरा आनंद झाला. म्हणाला, कल्पना करा, लोक पत्र्यावर तक्रार लिहून झऱ्यात टाकायचे. देवी, माझा झगा चोरला. चोर बाई असो वा पुरुष, गुलाम असो वा स्वतंत्र, त्याला झोप लागू देऊ नकोस. एका झग्यासाठी! तो मनापासून हसला. मीही हसलो.

आईने विचारलं, "का हसताय दोघं?"

मी सांगितलं.

"मग बरोबर आहे. गाऱ्हाणंच आहे हे. पाण्यातल्या देवीला गाऱ्हाणं नाही घालायचं तर कोणाला, कौन्सिलला? यात हसण्यासारखं काय आहे ते मलाही सांग."

मी गाइडला हे सांगितलं नाही.

पुढच्या खोलीत देवी होती. फक्त मुंडकं, काशाचं, सोन्याचा मुलामा थोडा गेलेला, काचेच्या पेटीत दिव्याखाली. आईने चपला काढल्या. मग बॅगेतून खण काढला, तांदळाची पुडी काढली, आणि नारळ. स्लाऊच्या बाजारातून घेतलेला, शेंडी ठेवलेला नारळ तिने सकाळपासून अख्ख्या बाथभर वागवला होता. पेटीसमोर लादीवर तिने ओटी मांडली.

मी हलक्या आवाजात म्हटलं, "आई, हे म्युझियम आहे."

"माहीत आहे. तूच आणलंस."

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं गावकार, म्हणजे गावचा मानकरी, घालतो, नाहीतर गुरव. पुरुष उभे राहतात आणि दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बायका मागे असतात. आईला मी कधी गाऱ्हाणं घालताना पाहिलं नव्हतं. घरात ती आमच्याशी साध्या मराठीत बोलायची. माहेरची बोली तिने बहुतेक देवासाठी राखली होती. हात जोडून ती मोठ्याने बोलायला लागली.

"माजे आवशी, तू खंयची ता माका म्हायत नाय. पण गरम पाण्यातली आसस, म्हणजे आमच्या लक्ष्मीची भयनच आसतलस."

ती थांबली. व्हय म्हाराजा म्हणायला कोणी नव्हतं. मी दाराकडे बघत होतो. एक शाळेचा गट आत येत होता.

"माजे दोन झील. थोरलो ह्यो हंय उभो आसा. धाकटो घराक आसा. चार वर्सां एकामेकाशी बोलणत नाय."

पुन्हा थांबली. गाइडने मला विचारलं, त्या कशासाठी थांबतायत? मी वैतागून म्हटलं, कोणीतरी हो म्हणावं म्हणून.

त्याने टोपी काढली. शाळेच्या गटाच्या मास्तरणीला हाताने थांबवलं, म्हणाला, एक मिनिट द्या. मग देवीकडे तोंड करून तो म्हणाला, "यस."

आईने मान हलवली आणि पुढे बोलली.

"थोरल्याक वाटता, धाकट्यान तेका टाळून बापाशीक आग दिली. तसा नाय."

"यस," गाइड म्हणाला.

"थांबा नको म्हणान मीच सांगलंय. मे म्हयनो, गावात बर्फ नाय, माज्यान बघवना. धाकट्यान माजा नाव घेतला नाय. चार वर्सां अबोलो सोसता."

"यस."

त्याला एक अक्षर कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि माझ्या तोंडून काही निघत नव्हतं. थांबू नका असं आईने सांगितलं होतं. तीन तास चाळीस मिनिटं तिला त्या खोलीत, त्या उन्हाळ्यात, वडिलांकडे बघत बसावं लागलं असतं, आणि ते मी हिशेबात धरलंच नव्हतं. मी फक्त माझ्या बाजूने मोजलं होतं.

"काय चुकला-माकला आसात तर ता माजा. पदरात घे, आणि दोगांची तोंडां एका दिशेक कर."

या वेळी गाइड गप्प राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. हा माणूस दिवसभरात एकदाही योग्य वेळी गप्प बसला नव्हता.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

आईने चपला घातल्या. खण आणि तांदूळ परत बॅगेत ठेवले. तिथे ठेवले तर हे लोक केरात टाकतील, एवढं तिला ठाऊक होतं. नारळ तिने गाइडच्या हातात दिला. त्याने विचारलं, याचं काय करायचं? मी म्हटलं, फोडून खायचा. कल्पना करा असं मी म्हणालो नाही, पण मनात आलं होतं.

वरच्या दालनात पेल्यातून कोमट पाणी मिळालं. चव उकळलेल्या खिळ्यांची. मी एक घोट घेऊन ठेवून दिला. आईने घोटभर पिऊन उरलेलं डोळ्यांना आणि टाळूला लावलं. गाइड आम्हांला स्टेशनवर सोडून गेला, वेळापत्रकापेक्षा पंचवीस मिनिटं उशिरा, काखेत फाइल आणि फाइलवर नारळ. त्याच्याबद्दलचं माझं मत मी बदललेलं नाही. तो वाईट गाइड होता.

गाडीत आई खिडकीशी बसली. भारतात रात्रीचे साडेनऊ झाले असतील. मी तिला म्हटलं, "चार वर्षांत मला एकदाही का सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस त्याला. मला विचारलंस कधी?"

"तू सांगू शकली असतीस."

"मग तू माझ्याशी बोलणं टाकलं असतंस. त्याच्याशी टाकलंस तेवढं त्याला झेपत होतं." मग ती म्हणाली, "चूक माझीच. ते तिथे कबूल करून झालंय, पुन्हा वदवू नकोस."

मी पाकिटातून फोनचं कार्ड काढलं. मोबाइलवर आधी कार्डाच्या कंपनीचा नंबर, मग बारा आकडी पिन, मग भारताचा नंबर. राजापूरला दोनदा घंटा वाजली.

"हॅलो," भाऊ म्हणाला. मग, "दादा? आई बरी आहे ना?"

माझा फोन म्हणजे आईचं काहीतरी झालंय, असंच त्याला वाटणार होतं. मी म्हटलं, "बरी आहे. इथेच आहे. तिने मला सांगितलं."

"काय सांगितलं?"

"थांबू नका म्हणून कोणी सांगितलं ते."

तो काही बोलणार तेवढ्यात गाडी बोगद्यात शिरली आणि फोन कट झाला. खिडकी काळी झाली. आई माझ्याकडे बघत होती. फोन बोगद्यामुळे गेला, मी ठेवला नाही, हे तिला कळलं असेल का, याची मला खात्री नव्हती. आणि राजापूरला बसलेल्या माणसाला तर ते कळायचं काहीच कारण नव्हतं.

बोगदा संपला. मी कंपनीचा नंबर पुन्हा फिरवला, पुन्हा बारा आकडे. एक आकडा चुकला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. या वेळी पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्याने उचलला.

"तू ठेवलास?"

"नाही रे. बोगदा आला."

"कुठून बोलतोयस तू?"

"गाडीतून. आईला फिरवायला नेलं होतं."

"मग आणखी बोगदे असतील पुढे," भाऊ म्हणाला. "तिला दे आधी. मग तू बोल."