पुढच्या ब्रेकचे दोन बोल्ट

विल्फ चार्लटनने जुन्या मोटरसायकलचं इंजिन उचलून स्वयंपाकघरात आणलं तेव्हा त्याची बायको ॲव्हरिल बटाटे सोलत होती. तिने वर न बघताच विचारलं, "हे उकडायचं की भाजायचं?"

"भाजायचं," विल्फ म्हणाला. "पण आज नाही."

ही थट्टा नव्हती. तीन आठवड्यांनी, एका रविवारी, त्याने इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कवच खरोखरच ओव्हनमध्ये ठेवलं. धातू तापला की बेअरिंगची जागा केसभर रुंदावते, आणि फ्रीजरमध्ये ठेवलेलं बेअरिंग हातोडा न लावता आत जाऊन बसतं. त्या दिवशीच्या बीफला जुन्या ऑइलचा वास येत होता. ॲव्हरिलने ते तसंच वाढलं आणि मला म्हणाली, "खा गं. यातून वाचलीस तर कुठल्याही कारखान्यात टिकशील."

मी त्यांच्या शेजारी राहते. हेबर्न या आमच्या गोदीच्या गावात, घरांच्या याच रांगेत माझा जन्म झाला, आणि नदीकाठच्या एका कारखान्यात मी पंपांचे भाग बनवते. विल्फ मला 'इंजिनियर बाई' म्हणायचा, आणि त्यात कौतुकापेक्षा टोमणा जास्त असायचा. तो स्वतः गोदीतला माणूस. तीस वर्षं त्याने जहाजांच्या पोलादी पत्र्यांवरचे वेल्डिंगचे सांधे हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीने तासले. ती छिन्नी मिनिटाला दोन-अडीच हजार ठोके देते, आणि ते ठोके जेवढे पत्र्याला बसतात तेवढेच धरणाऱ्या हातालाही.

त्यामुळे गोदीतल्या बऱ्याच जणांची झाली तशी विल्फची बोटं बधिर झाली होती. गारठा पडला की ती दुसऱ्या पेरापर्यंत मेणबत्तीसारखी पांढरी पडत. उन्हाळ्यात रंग यायचा, पण स्पर्श यायचा नाही. सकाळी शर्टाची बटणं ॲव्हरिल लावून द्यायची. "हल्ली बटणं फार लहान करतात," असं विल्फ म्हणायचा आणि ती "हो ना" म्हणायची. हे रोज चालायचं.

नुकसानभरपाईसाठी गोदीतल्या सगळ्यांची तपासणी झाली होती, त्याला आता बरीच वर्षं झाली. डॉक्टर हात पंधरा मिनिटं गार पाण्यात ठेवायला लावायचे, मग लाकडी फळीच्या भोकांत छोट्या खुंट्या बसवायला सांगायचे. काही जण मुद्दाम खुंट्या पाडायचे. विल्फने उलट केलं. बोटांना काही कळत नव्हतं, तर त्याने डोळ्यांनी बघून सगळ्या खुंट्या पटापट बसवल्या आणि वर सांगितलं की दोनच बोटांना थोडा त्रास आहे. त्याला भरपाईचा सगळ्यांत खालचा दर्जा मिळाला. "मी काही पांगळा नाही," एवढंच तो त्यावर बोलायचा. आमच्याकडे भीक मागितल्यासारखं दिसण्यापेक्षा माणसं तोटा पत्करतात, आणि लोक त्याला ताठ कणा म्हणतात.

मोटरसायकल त्याच्या मुलीसाठी होती. लॉर्ना एक्केचाळीस वर्षांची. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना उठवणं, अंघोळ घालणं, औषधं देणं हे तिचं काम, आणि त्यासाठी दिवसभर छोटी कार हाकणं. एकोणिसाव्या वर्षापासून तिच्याकडे मोटरसायकलचा परवाना होता, पण संसारापायी तिने गाडी विकली. घटस्फोटानंतर एकदा ती सहज म्हणाली, "बाबा, तू एखादी गाडी जोडून दे. मी चालवते." विल्फने ते सहज घेतलं नाही. गेट्सहेडमधल्या एका घरामागे ताडपत्रीखाली बावीस वर्षं पडलेली, १९७४ सालची, दोन सिलिंडरची साडेसहाशे सीसीची गाडी त्याने आणली. उंदरांनी सीट खाल्लं होतं आणि टाकीत तपकिरी गाळ होता.

तीन महिने ते काम चाललं. मी संध्याकाळी जाऊन बसायचे. त्याने वायरिंग नवीन ओढलं, ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, चाकांत तारा भरल्या. हे सगळं तो डोळ्यांच्या भरवशावर करायचा. वायसर बोटांतून निसटला की शिवी हासडायचा, चुंबकाने उचलायचा, पुन्हा लावायचा. मूळच्या ड्रम ब्रेकवर मात्र त्याचा विश्वास नव्हता. आजच्या रहदारीत पोरीला त्यावर सोडणार नाही, असं तो म्हणाला आणि जुन्या भागांच्या बाजारातून नंतरच्या मॉडेलचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, घेऊन आला, डिस्क ब्रेकचा. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा कॅलिपर फोर्कच्या पायाला दोन बोल्टांनी बसतो. बोल्ट पोलादी आणि पाय ॲल्युमिनियमचा. जोर जास्त झाला की आतले आटे लोण्यासारखे निघून येतात.

मी कारखान्यातून टॉर्क रेंच आणला होता. ठरवलेला जोर आला की हा पाना 'कट्' असा आवाज करतो.

"हे काय?" विल्फने विचारलं.

"याने आवळा. आवाज आला की थांबायचं."

"पोरी, मी चाळीस हजार टनांची जहाजं पाण्यात सोडलीत. दोन बोल्टांसाठी मला घंटी लागत नाही. हाताला कळतं."

ॲव्हरिल चहा ओतत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्याच्या हाताला काय कळतं ते त्या खोलीत तिघांनाही ठाऊक होतं. मी पाना पिशवीत घातला. माझं शिक्षण याच गोष्टीचं, आणि तरी एका म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून मी गप्प बसले. याचा जाब मी स्वतःला अजून विचारते.

आमच्याकडे चाळीस वर्षांपुढच्या गाडीला वार्षिक तपासणीची सक्ती नाही. सुरक्षेसाठी ब्रेक बदलला असेल तर तेही चालतं. मालकाने अर्जावर सही करायची, की गाडीत मोठा फेरफार नाही. विल्फने सही केली. कुणा तिऱ्हाइताने त्या गाडीला पाना लावून पाहावं असं कायद्यात कुठेच नव्हतं.

जूनमध्ये लॉर्ना पहिल्यांदा गाडीवर बसली. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. शेजारपाजारचे बाहेर आले. विल्फ हँडलजवळ वाकून तिला सांगत होता, "ही डिस्क आहे, लक्षात ठेव. जुन्या गाडीसारखी दाबू नकोस. दोन बोटं, हळू. जोरात दाबलीस तर चाक जाम होईल."

"शंभरदा सांगितलंस, बाबा."

"एकशे एकदा ऐक."

सबंध उन्हाळा ती फिरली. ऑक्टोबरमध्ये एका दुपारी, नदीखालच्या बोगद्याकडे वळणाऱ्या मोठ्या गोल चौकात, तिने ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जागीच जाम झालं. ती गाडीवरून फेकली गेली. मांडीचं हाड मोडलं, कंबरेच्या हाडाला दोन ठिकाणी चीर गेली. पोलिसांना रस्त्यावर ओली पानं दिसली आणि त्यांनी तेच लिहून घेतलं.

मोडकी गाडी टेम्पोतून मागच्या अंगणात आली. मी गेले तेव्हा विल्फ तिच्यापुढे उकिडवा बसला होता. कॅलिपर एकाच बोल्टावर लोंबकळत होता. दुसरा बोल्ट गळून पडल्यावर तो फिरला होता आणि चाकाच्या तारांत अडकला होता. मी रिकाम्या भोकात टॉर्च मारला. आत आटे नव्हते. भिंतीला वाळलेला निळा डिंक होता, बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात तो. चांगल्या आट्यांवर त्याचा एक थेंब पुरतो. इथे भोकभर भरला होता.

"विल्फ," मी म्हटलं, "हे आटे चौकात गेलेले नाहीत."

त्याने लोंबकळता कॅलिपर हाताने जागेवर धरून बघितला. मग म्हणाला, "मे महिन्यात गेले. आवळत होतो. मला वाटलं अजून बसतोय. बोल्ट बाहेर काढला तर त्याला आट्यांची चकचकीत तार गुंडाळून आली."

"मग भोक मोठं करून नवे आटे बसवायचे. मी अर्ध्या तासात करून दिलं असतं."

"तुला सांगावं लागलं असतं."

"लॉर्नाला हे सांगितलंत?"

"आधी चालू तर लागू दे तिला."

लॉर्ना आईवडिलांच्या घरीच आली, कारण तिला जिना चढता येत नव्हता. पुढच्या खोलीत तिचा पलंग टाकला. ॲव्हरिल तिला अंघोळ घालायची, औषधं द्यायची. "मी हे काम पगार घेऊन करते," लॉर्ना म्हणायची, "तू तर अगदीच स्वस्तात मिळालीस." हाडं जुळत होती. डिसेंबरात ती कुबड्यांवर आली, जानेवारीत काठीवर. फेब्रुवारीपासून कामावर ये, सुरुवातीला हलक्या घरांवर पाठवू, असं कंपनीने कळवलं.

पण ती कार चालवेना. ॲव्हरिलने दोनदा तिला दारातल्या कारपर्यंत नेलं. दोन्ही वेळा लॉर्ना स्टिअरिंगपुढे बसली, हात मांडीवर ठेवले आणि उतरली.

"माझाच हात जड आहे, आई," ती म्हणाली. "बाबाने शंभरदा सांगितलं होतं, दोन बोटं, हळू. मला आठवतंय ना, मी हळूच दाबला होता. अगदी खात्रीने आठवतंय. म्हणजे मला हळू वाटतं ते हळू नसतं. उद्या एखादं पोर आडवं आलं तर?"

विल्फ त्याच खोलीत बसला होता. हे मला ॲव्हरिलने सांगितलं, आणि असंही की तो त्यावर उठून भांडी घासायला गेला, जे त्याने आयुष्यात केलं नव्हतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात लॉर्नाने राजीनामा लिहिला. कार चालवता येत नाही तर ते काम करता येत नाही. पत्र सोमवारी टाकायचं ठरलं. शनिवारी सकाळी विल्फ आमच्या दारात उभा राहिला. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती.

"ॲव्हरिल बाजारात गेलीय," तो म्हणाला. "तू चल. तू नसलीस तर मी हवापाण्याचं बोलून बाहेर येईन. ओळखतो मी स्वतःला."

मी गेले. लॉर्ना खिडकीपाशी बसली होती. विल्फ उभाच राहिला.

"तू हळूच दाबला होतास," तो म्हणाला.

"काय?"

"ब्रेक. तू बरोबर दाबलास. बोल्ट सुटला. त्याचे आटे माझ्या हातून मे महिन्यातच गेले होते. मी डिंक भरला."

लॉर्नाने माझ्याकडे बघितलं. मी होकाराची मान हलवली.

"तुला कळलं नव्हतं," ती वडिलांना म्हणाली. ते विचारणं नव्हतं, ती त्याला निसटायला वाट करून देत होती.

"आवळताना कळलं नाही. मला बोटांनी काहीच कळत नाही, लॉर्ना. चहाचा कप गरम आहे की गार तेही कळत नाही. पण बोल्ट बाहेर काढल्यावर कळलं. दिसलं मला."

"आणि मग मला बसवलंस त्यावर."

"हो."

"आणि दोन बोटं, हळू, हे त्यानंतर सांगत होतास."

विल्फने जवळच्या खुर्चीची पाठ धरली.

"चार महिने झाले," लॉर्ना म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी रोज इथे पडून तो एक क्षण आठवतेय. उशीची कड दाबून बघते, किती जोर म्हणजे हळू. तू इथेच बसायचास. पेपर वाचत."

"तू बरी व्हावीस म्हणून—"

"नको. ते नको बोलूस."

तिने काठी घेतली आणि उठली. विल्फ आधार द्यायला पुढे झाला, तिने त्याचा हात बाजूला केला. झटकला नाही, रुग्णाच्या घरी मध्ये आलेली खुर्ची सरकवतात तसा सरकवला. दारामागचा कोट घेतला, कारची किल्ली घेतली. बाहेर पडताना ती मला म्हणाली, "तुलाही माहीत होतं." मी हो म्हटलं.

कार सुरू झाल्याचा आवाज आला. आम्ही खिडकीतून बघितलं. ती क्षणभर थांबली, मग रस्त्याला लागली, कोपऱ्यावर नीट थांबली आणि डावीकडे वळून गेली. खिडकीच्या चौकटीवर टेकलेली विल्फची बोटं पांढरीफटक पडली होती.

"चालवतेय," तो म्हणाला.

त्यानंतर लॉर्ना त्या घरात राहायला आली नाही. राजीनामा तिने टाकला नाही आणि फेब्रुवारीत कामावर गेली. आईला ती रस्त्यापलीकडच्या चहाच्या दुकानात भेटते. पण हे नंतरचं. त्या शनिवारी आम्ही दोघं खिडकीशी उभे असतानाच मागचं दार वाजलं आणि ॲव्हरिल पिशव्या घेऊन आत आली. गरम, चपट्या स्टॉटी पावाचा वास घरभर पसरला.

"कार कुठंय?" तिने आतूनच विचारलं. "पोरीने नेली? खरंच?" ती पुढच्या खोलीत आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मग तिने आमच्याकडे बघितलं. "असं काय सांगितलंस तू तिला, विल्फ?"

मी निघाले. मी दारापर्यंत पोचले. मागे ॲव्हरिलचा आवाज आला, आता हळू, "बटणं लावू दे आधी, ये इकडे," आणि मग त्याचा, "नको. आधी ऐक."