अमावस्येला हँडलवर

अंगठा कुठं ठेवायचा ते यांनी सगळ्यात आधी सांगितलं.

"चारी बोटं आन आंगठा एकाच बाजूला. येढा घालून धरू नको. हँडल उलटं आलं तर आंगठा घिऊन जाईल."

हे म्हणजे माझे यजमान. लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं. मी कोकणातली, समुद्रकाठची. वडील गेले तशी पाचवीतून शाळा सुटली आणि मामांनी मला नगरला आणलं. ते लष्कराच्या छावणीत स्वयंपाकी होते. त्यांनीच हे स्थळ काढलं. हुंडा नको, मानपान नको, मुलगी नेसत्या लुगड्यानिशी चालेल, असं या लोकांनी सांगितलं होतं. त्या उपकाराचं मला सारखं दडपण असायचं. भाकरी थापताना मोडली तरी वाटायचं, आता म्हणतील, फुकट आली आणि हे असं.

आम्ही केडगावला राहायचो. दोन खोल्या आणि पुढं ट्रक मावेल एवढं अंगण. ट्रक आमचा नव्हता. मालक नगरचा, हे ड्रायव्हर. दुष्काळाचं साल होतं. कर्जतकडं गुरांच्या छावण्या लागल्या होत्या आणि ट्रक तिकडं कडबा पोचवायचा. मागच्या खेपेला तो वाटेतच बसला होता. झडप जळली होती. इंजिन उघडून नवी झडप घालेपर्यंत कडबा रस्त्यात आणि गुरं तिकडं उपाशी. मालकानं घरी येऊन, उभ्याउभ्याच सांगितलं होतं, "आता परत गाडी रस्त्यात हुबी ऱ्हायली तर चावी माझ्या हातात द्यायची. मला दुसरा डायवर मिळतो."

नवी झडप बसवल्यावर थोडं चालवून टॅपेट, म्हणजे झडपांवरची फट, पुन्हा बघावी लागते. मालकाचा मिस्त्री तापानं पडलेला. हे म्हणाले, मी करतो, मिस्त्रीचा हात लई वेळा बघितलाय.

त्यासाठी दिवस ठरलेलाच होता, अमावस्येचा. आमच्याकडं अमावस्येला गाडी रस्त्यावर काढत नसत. काढणं दूरच, चालूही करत नसत. चाकाखाली लिंबू, पुढं नारळ, आणि दिवसभर गाडी गप्प. म्हणून घरची सगळी दुरुस्ती त्याच दिवशी. पण क्लीनर सकाळीच गावाला गेला होता आणि इंजिन फिरवायला माणूस नव्हतं. म्हणून मी.

इंजिनाच्या डोक्यावर झडपा असतात. त्यांना वरून दाबणारे लोखंडी हात असतात, त्यांना रॉकर म्हणतात. झडप आणि रॉकर यांच्यामध्ये केसभर फट ठेवावी लागते. फट जास्त झाली तर नुसती टकटक होते. कमी झाली तर झडप पुरती मिटत नाही आणि जळते. हे बंपरवर चढून, बॉनेटात वाकून, एकेका फटीत फिलरची पातळ पत्ती सरकवून बघणार, पेच कमीजास्त करणार, वरून नट आवळणार. आणि पुढची झडप जागेवर यावी म्हणून मी खाली उभी राहून, पुढच्या भोकात घातलेल्या हँडलनं इंजिन थोडं थोडं फिरवायचं. हँडलला माझी ताकद पुरेना, म्हणून त्यावर लोखंडी पाइप चढवला होता.

मला भीती कशाची होती ते सांगते. कोपरगावच्या कारखान्यावर ऊस वाहणारा एक क्लीनर यांच्या ओळखीचा होता. तो एकदा आमच्याकडं जेवायला आला होता. मीच वाढलं. डाव्या हातानं जेवत होता. उजवा मनगटातून वाकडा, मांडीवर ठेवलेला. हँडलनं केलं होतं ते. जाताना मला म्हणाला, "वैनी, कालवन झ्याक." मला त्याच्या तोंडाकडं बघवलं नव्हतं.

"डिझेल बंद हाय," हे वरून म्हणाले. "चालू व्हनार न्हाई. फकस्त दाबलेली हवा मागं रेटती. सोडू नको मधी."

मी पाइपावर दोन्ही हात ठेवले, अंगठे वर घेतले आणि अंगाचा भार टाकला. पहिल्यांदा काहीच हललं नाही. मग हळूहळू खाली जाऊ लागलं आणि एका जागी जड झालं. आत कुणीतरी श्वास कोंडून बसलंय असं. पाइप मला उचलायला बघत होता. मी डोळे मिटून लटकले. आतून स्स्स् असा बारीक आवाज आला आणि ती जागा ओलांडली. मी पदरानं हात पुसले.

"होडी न्हाई वल्हवायची," हे हसले. "उगं दाब."

असं चाललं. खाली दाबायचं, हँडल मागं ओढून सोडवायचं, पुन्हा वर लावायचं, पुन्हा दाबायचं. सहा सिलिंडर, त्यामुळं पुरत्या दोन फेऱ्यांत सहा जड जागा. मला गणित कुणी सांगितलं नव्हतं. पण प्रत्येक जागेची इतकी धास्ती होती की ती यायच्या आधीच माझे दात आवळले जायचे. घाबरलेल्या माणसाला हे कळतंच, कुठली पायरी कुठं मोडकी आहे ते.

सासूबाई ओट्यावर वाती वळत बसल्या होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे आणि त्यांच्यासमोर मान वर करत नसे. वळता वळता त्या आमच्याकडं बघत होत्या. मग एकदम म्हणाल्या, "आरं, आवस हाय आज. पोरीला लोखंडाला लावतोस व्हय?"

"मंग तू ये हँडलवर," हे नट आवळता आवळता त्यांच्याकडं वळून म्हणाले.

"मी आले तर तुझं इंजान उलटं फिरंल."

हे हसले, मलाही हसू आलं, आणि काम पुढं चाललं.

ऊन भिंतीवर चढेपर्यंत सगळ्या झडपा झाल्या. यांनी वरचं झाकण बसवलं, त्याखालची, तेल अडवणारी बुचाची पट्टी नीट दाबली, बोल्ट आवळले. "आता दोन फेऱ्या मार. सगळं मोकळं फिरतंय का बघू. मंग झालं."

मी दाबत गेले. जड जागा आली, गेली. दुसरी आली, गेली. मग पुढची यायची म्हणून मी दात आवळले, भार टाकला, आणि पाइप सरळ खाली गेला. मी पडता पडता वाचले.

यांना वाटलं माझा पाय सरकला. मी पुन्हा पाइप धरला. दोन्ही फेऱ्या पुऱ्या केल्या आणि पुन्हा त्या जागेशी आले. पुन्हा तसंच. दोन जड जागांच्या मध्ये काहीच नाही, हात रिकामा.

सांगावं की नाही? आता लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा नव्हतं. मी कोण इंजिनातलं सांगणारी? चुकीचं निघालं तर झाकण उगीच उघडलं, बुचाची पट्टी फाटली, तीही माझ्यामुळं. आणि न सांगावं, तर उद्या पहाटे हे कडबा भरून निघणार, वाटेत गाडी बसणार, आणि चावी जाणार. चावी गेली की या घरात खायचं काय, आणि त्यात फुकट आलेलं तोंड माझं.

"अहो," मी म्हटलं. "एक जागा जड लागली नाही."

"दमलीस तू. हात बधिर झाला आसंल."

"दोनदा लागली नाही."

हे खाली उतरले. माझ्या हातातून पाइप घेतला आणि सपासप फिरवला. त्यांच्या ताकदीला जड काय आणि हलकं काय, सगळं सारखंच. "बराबर हाय की. सकाळी चालू केल्यावर कळंलच." आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

मी मागं सरले. माझं काम संपलं असं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "आत्ताच चालू करून बघ की."

"आवसंला?" यांना खरंच नवल वाटलं. अमावस्येचं सगळ्यात जास्त पाळणाऱ्या त्याच.

"न्हाई ना करायची? मंग तुझ्याकडं तिच्या हाताबिगर दुसरं हाय काय? झाकन खोल."

"पट्टी फाटंल, आये."

"फाटू दे. खोल."

यांनी रागारागानं पाना उचलला. मी रेडिएटरपाशी उभी होते आणि देवाला म्हणत होते, चूक निघू दे. लगेच वाटलं, हे काय मागतेय मी? चूक निघाली नाही तर मी खोटी पडणार होते, निघाली तर हे पडणार होते. शेवटी काहीच मागितलं नाही. झाकण उचललं तेव्हा पट्टी एका कोपऱ्यात फाटलीच.

मला इंजिन थोडं थोडं फिरवायला लावून यांनी मिटलेल्या झडपेचा एकेक रॉकर बोटानं हलवून पाहिला. टिक. टिक. फट असली की तो असा हलतो. मग एकाला हात लावला आणि तो हललाच नाही. यांनी पुन्हा हलवून पाहिला. मग वाकूनच राहिले. खाली मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

"तुझ्याशी बोलत हुतो तवाच," ते आत्याबाईंना म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. "नट आवळताना पेच धरून ठिवायचा असतो. त्यो नटासंगं फिरला. झडप उघडीच ऱ्हायली, हवा दाबलीच जाईना."

आत्याबाईंनी वाती डब्यात ठेवल्या, आत गेल्या आणि धुण्याचा साबण घेऊन आल्या. "फाटल्या जागी ह्यो चोळ. तुझा बाप असाच चोळायचा." मला शाबासकी नाही, काही नाही. जाताना माझ्या तळहाताकडं बघून म्हणाल्या, "फोड आल्यात. तेल लाव."

फट पुन्हा लावली. मी पुन्हा पाइपावर. ती जागा आली तशी पाइपानं मला वर रेटलं आणि मी लटकले, डोळे मिटून, पहिल्याइतकीच घाबरलेली. पण जड लागलं. कधी काही जड लागल्याचं इतकं बरं वाटलं नव्हतं.

पहाटे गाडी चालू झाली. मालक आला होता. त्यानं बॉनेटाला कान लावला, थोडा वेळ ऐकलं आणि केबिनमध्ये चढून बसला. ट्रक रस्त्याला लागला तशी आत्याबाईंनी पाण्याचा तांब्या अंगणात ओतला. मी दिवसभर पुणे रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकचा आवाज ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हे आले तेव्हा चावी यांच्याच बोटात होती. त्यांनी ती खुंटीला अडकवली आणि जेवायला बसले.

पुढच्या अमावस्येला क्लीनर घरीच होता. तरी यांनी मला हाक मारली. मी पदर खोचला, पाइप धरला. भीती तेवढीच होती, ती कधीच गेली नाही. मागून आत्याबाईंचा आवाज आला, वातींवरून नजर न काढता.

"आंगठा बघ, पोरी."

मी अंगठा वर घेतला.