कारण आधीच छापलेलं

इथे आखातात, रोल्लाच्या एका टायपिंग सेंटरमध्ये मी बारा वर्षं लोकांचे फॉर्म भरतोय. शाळा आठवीत सुटली, पण या दुकानाने पोट भरलं, बहिणीचं लग्न लावलं. ते उपकार मी विसरणार नाही. म्हणूनच दुसऱ्याच्या देशाच्या भानगडीत पडत नाही. व्हिसाची धाकधूक कायम असते.

त्या दिवशी एक साहेब आला. कुठल्या देशाचा, ते लिहीत नाही. तिथल्या सरकारची इथली कामं बघणारा. एक छापील फॉर्म सरकवून म्हणाला, "यल्ला हबीबी, चालीस कॉपी."

काढता काढता मी वाचलं. 'माझा हा नातेवाईक परक्यांच्या पैशावर देशाची शांतता बिघडवत होता. जनतेच्या रक्षणासाठी त्याची अटक योग्यच आहे. माझा त्याच्याशी संबंध नाही.' नावाची जागा तेवढी रिकामी. आमच्या धंद्यात आधी माणूस येतो, मग त्याला कारण विचारतात. इथे कारण तयार, माणूस मिळायचा होता.

"साब, नाम?"

"नाम आ जाएंगे." माझ्याच खुर्चीत बसून तो चहा पीत होता.

थोड्या वेळाने त्याने बोलावलेला माणूस आला. अल मजाजच्या टॉवरांमधल्या लिफ्ट दुरुस्त करणारा, साहेबाच्याच देशाचा, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याचा मास्तर भाऊ तिकडे तुरुंगात. सही केली नाही तर पासपोर्ट नवा होणार नाही. मग व्हिसा खलास, आणि बायको-मुलीसकट परत तिकडेच.

"मेरे भाई ने किया क्या?"

साहेबाने फॉर्मवर बोट ठेवलं. "लिखा तो है."

लिफ्टवाल्याने गठ्ठ्यातला दुसरा कागद उचलला, मग तिसरा. "सबने यही किया?"

"भाई, कीड़ा लगे तो दवा पूरे बाग में छिड़कते हैं. हम किसी को सताते नहीं."

आवाजात एवढी माया, की मला किळस आली. पोलीस, तोफा, टीव्ही, सगळं हाताशी असलेलं सरकार, आणि एका मास्तरासाठी वेगळं खोटं लिहायचाही यांना कंटाळा! शाळेत कॉपी करणारी आमची पोरंसुद्धा दोन शब्द बदलायची.

लिफ्टवाल्याने सही केली. मी ती स्कॅन करून दिली. साहेब गठ्ठा उचलून गेला, तसा तो म्हणाला, "एक कॉपी मुझे भी दे दे."

"किसलिए भाई?"

"वो छूटेगा तो पूछेगा, मुझे पकड़ा क्यों था."

मी मशीन सुरू केलं. "इन्शाल्ला," एवढंच तोंडातून निघालं, तेही हळू. साहेबाचा कप अजून काउंटरवरच होता.